दुखत नाही तेव्हाच करायच्या तपासण्या

माझ्या मामाची फाइल चार बोटं जाड आहे. चौदा वर्षांचा डायबेटिस, दर महिना-दीड महिन्याला उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर, प्रत्येक कागद तारखेनुसार लावलेला, मामा एकदम शिस्तीचा माणूस. आणि तरीही एक दिवस डोळ्यासमोर काळे धागे तरंगायला लागले म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला तेव्हा कळलं की आतल्या पडद्यावर रक्तस्राव झालाय आणि हे काही काल-परवाचं नाही, कित्येक वर्षं आतल्या आत चाललंय. घरी येऊन आम्ही ती फाइल पहिल्या पानापासून उलटली. शुगरचे शंभराच्या वर रिपोर्ट. पडद्याची तपासणी एकदाही नाही. लघवीतल्या प्रोटीनची एकदा, ती पण दुसऱ्याच कशासाठी तरी केलेली. पायांबद्दल एक अक्षर नाही.

मामा म्हणाला, "अरे पण मी कधी एक तारीख चुकवली नाही." खरंय त्याचं. आणि डॉक्टरही काही निष्काळजी नव्हते, दर वेळी शुगर बघायचे, गोळी कमीजास्त करायचे. मेहनत दोघांनीही घेतली, फक्त ज्या आकड्यावर सगळी मेहनत चालली होती तो एकच आकडा होता आणि आजार मात्र चार-पाच ठिकाणी काम करत होता. नॅशनल केअर स्टँडर्ड म्हणतात ती गोष्ट नेमकी याच्यासाठी असते, म्हणजे कुठल्या आजारात, कुठल्या अवयवाची, किती दिवसांनी, काय तपासणी झालीच पाहिजे आणि त्यात काही सापडलं तर पुढे काय करायचं, हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. पेशंटला त्रास होतोय का नाही याची वाट न बघता. ते कसं चालतं ते जरा सुटं करून सांगतो.

आधी कॉम्प्लिकेशन म्हणजे काय ते. जुनाट आजारात त्रास देतो तो बहुतेक वेळा मूळ आजार नसतोच. शुगर २२० असलेला माणूस आरामात ऑफिसला जातो, बीपी १६० वाला जिने चढतो. पण रक्तातली जादा साखर आणि जादा दाब वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला खरवडत राहतात. बारीक वाहिन्या सगळ्यात जास्त कुठे, तर डोळ्याच्या पडद्यात, किडनीच्या गाळण्यांत आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या जाळ्यात, म्हणून ही तीन ठिकाणं आधी खराब होतात. मोठ्या वाहिन्या खराब झाल्या की हार्ट अटॅक, पॅरालिसिस, पायाचा रक्तपुरवठा बंद होणं. यातली वाईट गोष्ट अशी की पडद्याच्या मधल्या भागाला धक्का लागेपर्यंत नजर सहासहा असू शकते, दोन्ही किडन्या अर्ध्याहून जास्त गेल्या तरी लघवी नेहमीसारखीच होते, आणि पायाची नस मेली तर दुखायचं थांबतं, म्हणजे पेशंटला उलट बरं वाटतं! आपल्या अंगात यासाठी अलार्मच बसवलेला नाही. म्हणून अलार्म बाहेरून लावायचा, कॅलेंडरवर.

आता गाइडलाइन, स्टँडर्ड आणि प्रोटोकॉल हे तीन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात आणि मग गोंधळ होतो. गाइडलाइन म्हणजे तज्ज्ञांच्या कमिटीने उपलब्ध अभ्यास वाचून दिलेला सल्ला, कुठला उपचार कुणाला फायद्याचा. स्टँडर्ड त्याच्या पुढचं, म्हणजे एवढं तर प्रत्येक पेशंटला मिळालंच पाहिजे आणि मिळालं की नाही हे मोजता आलं पाहिजे. आणि प्रोटोकॉल म्हणजे या दवाखान्यात हे काम कोण करणार, नर्स की डॉक्टर, कुठल्या दिवशी, रिपोर्ट वाईट आला तर फोन कुणी करायचा. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच देशांकडे आहेत, कागदावर छान आहेत. तिसरी नसली की पहिल्या दोन कपाटात राहतात. माझं मत विचाराल तर सगळी गडबड या तिसऱ्यातच आहे.

देशोदेशी हे लिहिणारे वेगवेगळे. अमेरिकेत डायबेटिस असोसिएशन दर वर्षी जानेवारीत नवीन स्टँडर्ड काढते, इंग्लंडमध्ये नाइस नावाची संस्था १९९९ पासून हेच काम करते, किडनीसाठी केडिगो आणि दम्यासाठी जिना असे आंतरराष्ट्रीय गट आहेत ज्यांच्यावरून बरेच देश आपापलं बनवतात. जशीच्या तशी कॉपी मारून चालत नाही कारण प्रत्येक देशात औषधं वेगळी मिळतात, माणसं किती, मशीन किती हे वेगळं, त्यामुळे "नॅशनल" हा शब्द उगाच लावलेला नाही. आणि प्रत्येक सल्ल्याच्या पुढे तो किती भक्कम आहे ते लिहिलेलं असतं. अमेरिकन स्टँडर्डमध्ये ए म्हणजे मोठ्या चांगल्या ट्रायलवर आधारलेला, मग बी, सी, आणि ई म्हणजे ट्रायल नाही पण तज्ज्ञांना अनुभवावरून असं वाटतं. मला हे फार आवडतं. स्वतःच्याच वाक्यापुढे "हे आम्ही अंदाजाने सांगतोय" अशी खूण करायची ही पद्धत बाकीच्या क्षेत्रांनी पण उचलावी.

बरं, हे सगळं पाळून खरंच फरक पडतो का, की कागदी घोडे? फरक पडतो, आणि तो मोजलेला आहे. १९९३ साली अमेरिका आणि कॅनडात झालेल्या डीसीसीटी नावाच्या अभ्यासाचे निकाल आले. टाइप १ चे, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असे १४४१ पेशंट, सरासरी साडेसहा वर्षं, एका गटाची तीन महिन्यांची सरासरी शुगर म्हणजे एचबीए१सी ७ च्या आसपास ठेवली, दुसऱ्याची ९ च्या आसपास राहिली. पहिल्या गटात पडद्याचं नुकसान सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मग १९९८ ला ब्रिटनचा यूकेपीडीएस, यात टाइप २ वाले, म्हणजे बहुतेक करून मोठेपणी होणारा नेहमीचा डायबेटिस असलेले, तिथे ७.० आणि ७.९ एवढाच फरक होता तरी बारीक वाहिन्यांच्या कॉम्प्लिकेशन २५ टक्क्यांनी घटल्या. त्याच अभ्यासात बीपीचा वेगळा भाग होता, एका गटाचं सरासरी १४४/८२ आणि दुसऱ्याचं १५४/८७, आणि तेवढ्या दहा पॉइंटच्या फरकाने स्ट्रोक ४४ टक्क्यांनी कमी. वाचलं तेव्हा मी मामाची फाइल परत काढली, बीपीच्या नोंदी किती ते मोजायला. अकरा. चौदा वर्षांत अकरा.

पण मला सगळ्यात जास्त पटला तो डेन्मार्कचा स्टेनो-२. छोटासा अभ्यास, फक्त १६० पेशंट, सगळे टाइप २ आणि सगळ्यांच्या लघवीत थोडं प्रोटीन जायला लागलेलं. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, व्यायाम, सिगरेट सोडणं, सगळं एकदम आणि ठरलेल्या पायऱ्यांनी. आठेक वर्षांनी दुसऱ्या गटात हार्टचे आणि स्ट्रोकचे प्रकार साधारण निम्म्यावर आले, आणि २१ वर्षांनी मोजलं तर त्या गटातले लोक मीडियन, म्हणजे बरोबर मधला आकडा धरला तर ७.९ वर्षं जास्त जगलेले. यात कुठलंच जादूचं औषध नव्हतं. होतं ते फक्त सगळं मिळून आणि न विसरता. स्टँडर्ड पाळणं म्हणजे जवळजवळ हेच.

आता प्रत्यक्ष कॅलेंडर. डायबेटिस धरून सांगतो कारण त्यात सगळेच अवयव येतात, बाकी आजारांचं कॅलेंडर याच्यातूनच कमीजास्त होतं.

डोळे. टाइप २ असेल तर निदान झालं त्याच सुमाराला पडद्याची पहिली तपासणी, कारण आजार कळायच्या आधीच काही वर्षं आत असू शकतो. टाइप १ ला सुरुवातीपासून पाच वर्षांच्या आत. मग साधारण दर वर्षी, आणि सगळं स्वच्छ असेल, शुगरही ताब्यात असेल तर काही ठिकाणी दोन वर्षांनी. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे, हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. मामा दर दोन वर्षांनी चष्मा बदलत होता आणि आम्हाला सगळ्यांना वाटायचं डोळे तपासून होतायत. पडद्याच्या तपासणीत एकतर बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स टाकून आत बघतात नाहीतर खास कॅमेऱ्याने आतला फोटो काढतात. तुमच्या डोळ्यात ड्रॉप्स पडले नाहीत, फोटोही निघाला नाही, तर तपासणी झाली नाही असंच समजा.

किडनीवर जरा थांबतो कारण इथे शिकलेली माणसं पण फसतात. किडनीसाठी दोन तपासण्या लागतात आणि दोन्ही वेगवेगळं सांगतात. एक रक्तातली, क्रिएटिनिन, त्यावरून ईजीएफआर काढतात म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा अंदाज. दुसरी लघवीतली, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण, म्हणजे गाळणीला भोकं पडून प्रोटीन बाहेर गळतंय का. लोक फक्त पहिली करतात आणि ती पण नुसतं क्रिएटिनिन बघून "नॉर्मलमध्ये आहे" म्हणून सोडून देतात. आता समजा क्रिएटिनिन १.२ आहे. पंचविशीतल्या व्यायाम करणाऱ्या दांडग्या मुलाचं १.२ असेल तर काही नाही, पण सत्तरीतल्या बारीक अंगाच्या बाईचं १.२ असेल तर तिची किडनी बरीच मागे पडलेली असू शकते, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि तिच्याकडे स्नायूच कमी. आकडा तोच, अर्थ वेगळा. म्हणून ईजीएफआर बघायचा, तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर क्रॉनिक किडनी डिसीज धरतात. आणि लघवीतलं प्रमाण एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या खाली हवं. ते वाढलेलं दिसलं तरी एका रिपोर्टवर घाबरायचं नाही, ताप, इन्फेक्शन, आदल्या दिवशी जबरदस्त व्यायाम, कशानेही वाढतं, म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन रिपोर्ट वाढलेले आले तरच ते खरं मानतात.

लघवीची ही तपासणी इतकी महत्त्वाची का, तर गळती सुरू झाली पण गाळण्याचा वेग अजून चांगला आहे हा जो काळ असतो ना, त्या काळात खूप काही करता येतं. एसीई इनहिबिटर किंवा एआरबी गटातली बीपीची गोळी गाळणीवरचा आतला दाब कमी करते, आणि गेल्या काही वर्षांत एसजीएलटी२ गटाची, मूळची शुगरसाठीची औषधं आली ज्यांनी किडनी खराब होण्याचा वेग चांगलाच कमी होतो हे २०१९ आणि २०२० च्या मोठ्या ट्रायलमध्ये दिसलं, दुसऱ्या ट्रायलमध्ये तर डायबेटिस नसलेले किडनीचे पेशंटसुद्धा होते. एसीई-एआरबीची गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत तपासायचं हे पण स्टँडर्डमध्येच लिहिलेलं आहे. थोडं क्रिएटिनिन वाढतं, ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर सहसा गोळी चालू ठेवतात. हे माहीत नसलेले लोक रिपोर्ट बघून घाबरतात, "गोळीने किडनी खराब केली" म्हणून स्वतःच बंद करतात, आणि जी गोळी किडनी वाचवत होती तीच गेली. उलट अंगदुखीची गोळी मनाने महिनोनमहिने घेतात, तिच्याबद्दल कुणाला शंका येत नाही. असो.

पाय. इथे मी एकच प्रश्न विचारतो सगळ्यांना: गेल्या वर्षभरात तपासताना कुणी तुम्हाला मोजे काढायला लावले का? पायाची पूर्ण तपासणी वर्षातून एकदा तरी हवी आणि ती पाच मिनिटांत होते. त्वचा बघायची, कुरूप, भेगा, बोटांच्या बेचक्या. घोट्यापाशी आणि पावलावर नाडी लागते का ते बघायचं. आणि मग नायलॉनची एक बारीक तार असते, मोनोफिलामेंट म्हणतात, ती १० ग्रॅमच्या जोराला वाकते. पेशंटने डोळे मिटायचे, तार तळव्याला ठरलेल्या जागी टेकवून वाकेपर्यंत दाबायची आणि विचारायचं, लागलं का? एवढ्या जोराचा स्पर्श कळत नसेल तर बुटात खडा गेला तरी कळणार नाही, मग जखम, मग त्यात पू, रक्तपुरवठा आधीच कमी त्यामुळे भरत नाही, आणि गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाते. मोठ्या दवाखान्यात कोट्यवधीचं मशीन असतं आणि ही साधी तार ड्रॉवरमध्ये नसते, हे मी स्वतः एका ठिकाणी बघितलंय. विचारल्यावर म्हणाले, होती, कुठे गेली माहीत नाही.

शुगरसाठी एचबीए१सी, ताब्यात असेल तर वर्षातून दोनदा, औषध बदललं असेल किंवा टार्गेटच्या वर असेल तर दर तीन महिन्यांनी. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढा वेळ साखर त्यांना चिकटत राहते, त्यावरून हा हिशेब निघतो, म्हणून महिन्याच्या आत परत करण्यात फारसा अर्थ नाही. ॲनिमिया असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर हा आकडा फसवतो, ते डॉक्टरांना आठवणीने सांगायचं. कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा, पण यात गंमत अशी की डायबेटिस असलेल्या चाळिशीपुढच्या बहुतेकांना स्टॅटिनची म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी रिपोर्ट बरा असला तरी सुचवतात, कारण उपचार रिपोर्टचा नसतो, एकूण धोक्याचा असतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी, दात-हिरड्या, सिगरेटबद्दल प्रत्येक भेटीत विचारणं, आणि मन कसं आहे हे विचारणं, हे सगळं पण स्टँडर्डमध्ये आहे. शेवटचं कुणी विचारत नाही. रोज टोचायचं, मोजायचं, टाळायचं याचा कंटाळा येऊन माणूस सगळंच सोडून देतो, तेव्हा त्याला बेफिकीर म्हणतात.

बीपी प्रत्येक भेटीत. पण नीट! जिना चढून आला, खुर्चीत बसतोय तोवर पट्टा गुंडाळला, वर डॉक्टर प्रश्न विचारतायत आणि हा उत्तरं देतोय, तो आकडा खरा नाही. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर टेकवलेला, लघवी करून आलेला, बोलायचं नाही. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा उगाचच जास्त येतो. त्या चुकीच्या आकड्यावर एखादी गोळी वाढवली जाते आणि मग घरी उठताना चक्कर येते.

आता टार्गेटबद्दल, कारण इथे "जेवढं कमी तेवढं चांगलं" असं डोक्यात बसलेलं असतं. २००८ साली अकॉर्ड नावाच्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवावा लागला. दहा हजारांवर टाइप २ चे पेशंट, हार्टचा धोका जास्त असलेले, त्यांच्यातल्या अर्ध्यांची एचबीए१सी ६ च्या खाली न्यायचा प्रयत्न चालला होता आणि त्याच गटात जास्त माणसं दगावली. तेव्हापासून स्टँडर्डची भाषाच बदलली. बऱ्याच मोठ्या माणसांना ७ च्या खाली ठीक, पण वय झालेलं, बाकी आजार बरेच, एकटं राहणारं, शुगर खाली जाऊन पडण्याची भीती असलेलं माणूस असेल तर ८ च्या आसपास पण चांगलंच म्हणतात. आठ दिसलं म्हणून आजोबांना ओरडायचं नाही. आपलं टार्गेट किती आणि तेवढंच का, हे पेशंटला माहीत असायला हवं. मी आजवर ज्यांना ज्यांना विचारलंय त्यातल्या फार थोड्यांना सांगता आलं.

बाकी आजारांचं थोडक्यात. नुसतं बीपी असेल तरी किडनीच्या त्याच दोन तपासण्या, ईसीजी, शुगर, कोलेस्टेरॉल. सीओपीडी, म्हणजे श्वासाची वाट कायमची अरुंद होत जाणारा फुप्फुसांचा आजार, असेल तर लसी, सिगरेट बंद, आणि इन्हेलर ओढायची पद्धत प्रत्येक भेटीत डॉक्टरांसमोर करून दाखवायची, कारण औषध घशातच बसत असेल तर डोस वाढवून काय उपयोग. दम्याचं उदाहरण मुद्दाम देतो. कित्येक वर्षं सल्ला असा होता की दमा हलका असेल तर धाप लागेल तेव्हा श्वासनळी मोकळी करणारा पंप पुरे. २०१९ मध्ये जिना या दम्याच्या गटाने सांगितलं की मोठ्यांना आणि मोठ्या मुलांना नुसत्या त्या पंपावर ठेवू नका, सोबत सूज कमी करणारं इन्हेल्ड स्टेरॉइड हवंच, कारण त्या पंपाने बरं वाटतं पण आतली सूज तशीच राहते आणि मोठा अटॅक येऊ शकतो. म्हणजे दहा वर्षांपूर्वी बरोबर असलेला कागद आज चुकीचा असू शकतो. त्यामुळे भिंतीवरच्या चार्टवर साल किती आहे ते पण बघत जा.

मग एवढं सगळं लिहिलेलं असून होत का नाही? अमेरिकेत २००३ साली मोठा अभ्यास छापून आला, त्यात मोठ्या माणसांना जी काळजी मिळायला हवी त्यातली साधारण ५५ टक्केच मिळते असं निघालं. पैसेवाला देश, चांगली हॉस्पिटलं, तरी अर्ध्याच्या थोडंच वर. त्याच वर्षी डब्ल्यूएचओने सांगितलं की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराची औषधं नीट घेणारे निम्मेच. म्हणजे दोन्हीकडून गळती, आणि दोन्हीला एकच कारण पुरतं: सगळी व्यवस्था तक्रारीवर चालते. पेशंट खोकला घेऊन येतो, खोकल्याचं बघितलं, वेळ संपला. बीपी १५२ आलं तर "आज टेन्शनमध्ये असाल, पुढच्या वेळी बघू" आणि पुढच्या वेळी पण तेच. याला डॉक्टरी भाषेत क्लिनिकल इनर्शिया म्हणतात, म्हणजे आकडा समोर दिसतोय, काय करायचं ते माहितीये, पण हात हलत नाही. आपल्या बाजूने पण, बरं वाटतंय म्हणून गोळी बंद.

जिथे हे सुधारलं तिथे काय केलं ते बघण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात कैसर परमनंटे म्हणून मोठी आरोग्यसंस्था आहे, तिथे २००१ साली बीपीच्या पेशंटपैकी ४४ टक्के लोकांचं बीपी ताब्यात होतं, २००९ मध्ये ८० टक्के. नवीन औषध नाही शोधलं. बीपीच्या सगळ्या पेशंटची एक यादी केली, सगळ्यांना एकच ठरलेला पायऱ्यापायऱ्यांचा प्रोटोकॉल, दोन औषधं एका गोळीत, आणि फक्त बीपी मोजायला यायचं असेल तर डॉक्टरांची अपॉइंटमेंट नको, सहाय्यक मोजणार, पैसे नाहीत. इंग्लंडमध्ये २००३ पासून डायबेटिसच्या बारा वर्षांपुढच्या प्रत्येकाला पडद्याच्या फोटोसाठी बोलावणं जायला लागलं, तक्रार असो नसो. २०१४ मध्ये छापून आलेल्या आकड्यांत दिसलं की इंग्लंड-वेल्समध्ये कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचं पहिल्या नंबरचं कारण आता डायबेटिस राहिलेलं नाही, जे पाच दशकांत पहिल्यांदाच घडलं. सगळं श्रेय त्या फोटोंचंच असं म्हणता येणार नाही, शुगरचे उपचार पण सुधारले होते. पण दोन्हीकडे गाभा एकच, यादी आणि बोलावणं.

स्टँडर्डच्या नावाने सगळं गोड आहे असं पण नाही. मोजमाप आलं की टिकमार्क आला. पायाची तपासणी झाली या चौकोनात टिक आहे आणि पेशंटचे मोजे अजून पायातच, असं होतं. फोटो निघाला पण वाचलाच नाही कुणी, असंही. दुसरं म्हणजे स्टँडर्ड एकेका आजाराचं वेगळं लिहिलेलं असतं, माणसाला मात्र डायबेटिस, बीपी, गुडघे, हार्ट सगळं एकत्र असतं, प्रत्येक कागदाप्रमाणे गोळ्या दिल्या तर दिवसाला बारा-पंधरा होतात आणि एकीचं दुसरीशी पटत नाही. अशा वेळी वर्षातून एकदा सगळ्या गोळ्या पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे ओतायच्या आणि यातली कुठली कमी होईल असं सरळ विचारायचं. हे विचारायला लोक उगाच लाजतात.

आणखी एक गोष्ट आधीच विचारून ठेवण्यासारखी, उलट्या-जुलाब सुरू झाले, पोटात पाणी टिकत नाहीये, तर कुठल्या गोळ्या थांबवायच्या. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी, एसजीएलटी२, एसीई-एआरबी, लघवीची गोळी, यातल्या काही अशा दिवसांत किडनीला किंवा शरीराला जड जाऊ शकतात. आणि टाइप १ असेल तर खाणं बंद झालं म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं, त्याने जिवावर बेतू शकतं. हे रात्री दोन वाजता शोधण्यापेक्षा बरं असताना डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणलेलं बरं.

मामासाठी आम्ही फाइलच्या अगदी वर एकच पान लावलंय. उभे रकाने पाच: तपासणी, शेवटची तारीख, काय निघालं, त्यामुळे काय बदललं, पुढची तारीख. चौथा रकाना माझ्या मामेबहिणीने सुचवला आणि तोच सगळ्यात कामाचा निघाला, कारण तपासणी झाली, रिपोर्ट वाईट आला आणि बदललं काहीच नाही हे त्यात लगेच दिसतं. पहिल्यांदा ते पान डॉक्टरांपुढे ठेवताना मामाला फार अवघडल्यासारखं झालं होतं, "त्यांना वाटेल मी त्यांची परीक्षा घेतोय." डॉक्टरांनी पान उलटसुलट करून बघितलं आणि झेरॉक्स मागितली. मग म्हणाले, मोजे काढा. तार ड्रॉवरमध्ये होती. उजव्या पावलावर दोन ठिकाणी मामाला काही लागलंच नाही, डोळे मिटून तो "हं, पुढे?" म्हणत राहिला आणि तार तिथेच वाकलेली होती. पायाच्या ओळीत आता पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची आहे, आणि चौथ्या रकान्यात लिहिलंय: अनवाणी चालणं बंद, रोज रात्री आरशात तळवे बघायचे, घरात पण मऊ चपला.